चाकांचें रंगकाम व त्यांची निगा

फाल्गुन संपत आला आहे. धान केव्हांच कोठींत गेलें. बांधींतील ओलीवर उतेऱ्यानें घेतलेलीं लाखोरीचीं व जवसाचीं पिकेंही निघालीं. मृगापर्यंतच्या या अडीच-तीन महिन्यांत बैलांस विसावा मिळतो, ट्रॅक्टर व ट्रॉली छपरीखालीं उभीं राहतात, आणि घरधन्यास अवजारांकडे पाहण्यास सवड सांपडते. नांगर, वखर, पंप यांची दुरुस्ती या दिवसांत बहुतेक जण करून घेतात. चाकांकडे मात्र सहसा कोणी पाहत नाहीं. चाक फिरतें आहे तोंवर तें चांगलें आहे, अशी आपली समजूत असते. चाकांस रंग देणें ही तर पोळ्याच्या बैलांचीं शिंगें रंगविण्यासारखी हौस होय, असेंच पुष्कळांस वाटतें. ही समजूत चुकीची कां आहे, आणि चाकांचें रंगकाम घरच्या घरीं, थोड्या खर्चांत व निर्धोकपणें कसें करावें, हें या लेखांत सांगण्याचा आमचा हेतु आहे.

प्रथम आमच्याच घरची गोष्ट सांगतों. चार वर्षांपूर्वीं आमच्या ट्रॉलीचीं चाकें फार गंजलेलीं दिसत, म्हणून रस्त्यावरील एका रंगाऱ्याकडून तीं रंगवून घेतलीं. त्यानें गंजाचे खड्डे लांबीनें भरले, वर पिवळा रंग फवारला, आणि एका दिवसांत काम हातावेगळें केलें. चाकें नव्यासारखीं दिसूं लागलीं. पुढें रोवणीच्या दिवसांत एका चाकाच्या नटाखालून तांबूस रेघ ओघळलेली दिसली. ती पुसली, तों दुसऱ्या दिवशीं पुन्हां आली. शेवटीं चाक उतरवून रंग खरवडला, तेव्हां बोल्टांच्या दोन भोंकांच्या मध्यें बोटभर लांबीची चीर निघाली. ती नवी नव्हती. लांबीखालीं बुजविली गेलेली होती. त्याच ट्रॉलींतून रोज सकाळीं रोवणीच्या बाया बांधीवर जात असत. ट्रॉलींतून माणसें नेणें कायद्यास मान्य नाहीं, हें आम्हांस ठाऊक होतें; तरी गांवोगांव जें चालतें तेंच आम्हींही चालविलें होतें. चाक भर रस्त्यांत निखळलें असतें तर काय झालें असतें, हा विचार अद्यापि मनांतून जात नाहीं. यांत दोष एकट्या रंगाऱ्याचा नव्हता. "चाकें चांगलीं दिसलीं पाहिजेत," एवढेंच आम्हीं त्यास सांगितलें होतें, आणि त्यानें तेवढेंच केलें.

या अनुभवानें आम्हांस एक गोष्ट शिकविली, व तीच या लेखाचें सार आहे. चाक रंगविण्याचा खरा लाभ नव्या रंगांत जितका आहे, त्याहून अधिक जुना रंग काढण्यांत आहे. चाकाचें उघडें लोखंड आपल्या दृष्टीस वर्षांतून याच एका प्रसंगीं पडतें. तो प्रसंग तपासणीचा समजावा. रंग हा त्या तपासणीचा शेवट होय.

गंज कशानें चढतो

आपल्या चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत लोखंडाची वाण नाहीं. चंद्रपूर जिल्ह्यांतील लोहारा व एटापल्ली तालुक्यांतील सुरजागड येथील टेकड्या लोहदगडाबद्दल प्रसिद्ध आहेत. हा दगड म्हणजे लोखंड व प्राणवायु यांचा संयोग होय. भट्टींत त्यांतील प्राणवायु काढून घेतला म्हणजे लोखंड निराळें होतें. परंतु तें तसें राहूं इच्छीत नाहीं. पाणी व हवा हीं दोन्ही मिळतांच तें पुन्हां प्राणवायूशीं संयोग पावून मातीसारखें होऊं लागतें. यालाच आपण गंज म्हणतों. कोरड्या हवेंत लोखंड फारसें गंजत नाहीं. ज्या ठिकाणीं लोखंड भिजतें, सुकतें व पुन्हां भिजतें, तेथें गंज सर्वांत जलद चढतो, आणि चाक हें नेमकें असेंच ठिकाण आहे.

मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा, चामोर्शी या धानाच्या पट्ट्यांत चिखलणीच्या वेळीं ट्रॅक्टरचीं चाकें आसापर्यंत चिखलांत बुडतात. रबरी चाकांना लोखंडी केजव्हील जोडलें म्हणजे बोल्टांवर ताण वाढतो, आणि जोडाच्या फटींत चिखल जाऊन बसतो. वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना या कपाशी-सोयाबीनच्या भागांत चिखलणी नाहीं, परंतु काळी माती चाकाच्या कडेस चिकटून दिवसेंदिवस ओल धरून ठेवते. बल्लारपूर, घुग्घुस, माजरी येथील खाणींच्या रस्त्यांवर कोळशाची भुकटी हेंच काम करिते. यांत खताची भर पडते. युरियाचीं व मिश्रखतांचीं पोतीं वाहतांना जें खत सांडतें, तें हवेंतील ओल ओढून घेऊन चाकावर पाझरतें. त्यांतही म्युरेट ऑफ पोटॅशमध्यें क्लोराइड असतें, आणि लोखंडास मिठाप्रमाणें तें खातें. खत वाहिल्यानंतर ट्रॉली व तिचीं चाकें त्याच दिवशीं स्वच्छ पाण्यानें धुऊन टाकणें, हा एकही पैसा न लागणारा उपाय पुष्कळ ठिकाणीं होत नाहीं.

चाकाच्या आंतील बाजूस आणखी एक शत्रु असतो. चिखलांत ट्रॅक्टरला वजन यावें म्हणून मागील टायरांत पाणी भरण्याची चाल आहे. ट्यूब शाबूत असेल तर रिमला धोका नाहीं. परंतु ट्यूब झिरपूं लागली कीं पाणी रिममध्यें सांठतें आणि बाहेरून कांहींही न दिसतां रिम आंतून सडते. गंजाचे पापुद्रे ट्यूबला टोंचतात, त्यामुळें पंक्चरें वाढतात. एकाच चाकास वारंवार पंक्चर होत असेल, तर काट्यास दोष देण्यापूर्वीं रिमची आंतील बाजू पाहावी.

बंडीच्या चाकाचा जुना धडा

चाकाची निगा ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. बंडीच्या चाकाच्या तुंब्यास तिवस किंवा बाभूळ व आंसास धावडा निवडणारे आपले सुतार लांकडाचा स्वभाव ओळखून होते. लोखंडी धाव चाकाच्या परिघापेक्षां किंचित् आंखूड करून, ती तापवून चढवीत व लगेच पाणी ओतून थंड करीत. साडेचार फूट व्यासाच्या चाकाची धाव सुमारे १४ फूट लांबीची असते. ती ४०० अंशांनीं तापविली म्हणजे सुमारे २ सेंटिमीटर वाढते, आणि थंड होतांना तेवढीच आंखडून आरे व तुंबा यांस घट्ट आवळते. उन्हाळ्यांत लांकूड सुकून आकसलें कीं धाव ढिली होते, म्हणून चाकें तळ्यांत बुडवून ठेवण्याची रीत पडली. ही रीत तात्पुरती सोय करिते. परंतु दरवर्षीं भिजणें व सुकणें यांनीं लांकूड फुटतें.

ज्यांच्या घरीं अद्यापि बंडी आहे, किंवा शंकरपटाची हौस असल्यामुळें हलकी गाडी आहे, त्यांनीं हा क्रम ठेवावा. हातोडीनें धावेवर ठोकून पाहावें. आवाज खणखणीत आला तर धाव घट्ट आहे, बद्द आला तर ढिली आहे. ढिली धाव प्रथम लोहाराकडून आवळून घ्यावी. ढिल्या चाकास रंग देणें व्यर्थ आहे. नंतर कोरड्या लांकडास, विशेषतः आऱ्यांच्या जोडांत व लांकडाच्या उघड्या टोंकांस, जवसाचें तेल कोमट करून जिरेल तितकें पाजावें, व तें पुरतें वाळल्यावर हवा असेल तो रंग द्यावा. धावेची जी बाजू जमिनीस लागते तिला रंगाची गरज नाहीं.

जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु शोषून घट्ट होतें, म्हणूनच तें रंगाच्या कामीं येतें. परंतु असें घट्ट होतांना त्यांतून उष्णता निघते. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यांत टाकल्या, तर ती उष्णता आंतल्या आंत कोंडते व चिंध्या कोणी काडी न लावतां पेट घेतात. तणसाच्या ढिगाजवळ किंवा कापसाच्या कोठारांत असें झाल्यास काय अनर्थ होईल तें सांगावयास नको. अशा चिंध्या मोकळ्या पसरून वाळवाव्या, अथवा पाण्यांत बुडवून ठेवाव्या.

जुन्या काळीं लोखंडास अस्तर म्हणून जवसाच्या तेलांत खललेला शेंदूर देत. गंज थोपविण्यास तो उत्तम खरा. परंतु शेंदूर हा शिशाचा क्षार असून विषारी आहे, व त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूस कायमची इजा करिते. घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावें असा नियम आपल्या देशांत २०१६ सालीं झाला व २०१७ पासून अंमलांत आला. परंतु त्यापूर्वीं दिलेले रंग जुन्या चाकांवर अद्यापि आहेत. म्हणून जुना रंग, विशेषतः तांबडा व पिवळा, कोरडा घांसूं नये. पाणी लावून घांसावा, तोंडास मुसकें बांधावें, आणि हें काम मुलें खेळतात त्या अंगणांत करूं नये.

चाक उतरविण्यापूर्वीं

आतां लोखंडी चाकांकडे वळूं. येथें सर्वांत मोठा धोका रंगाचा नसून हवेचा आहे. ट्रॉलीस लावतात त्या ट्रकच्या जातीच्या टायरांत हवेचा दाब दर चौरस इंचास ८० ते १०० पौंडांच्या आसपास असूं शकतो. त्यांचीं रिम पुष्कळदां एकसंध नसतात. टायर बसविल्यावर बाहेरून एक लोखंडी कडी चढवितात, तिला लॉक रिंग म्हणतात. आंतील हवेचा एकूण जोर कित्येक टनांचा असतो, व तो सर्व त्या कडीनें अडविलेला असतो. कडी गंजून तिची कड झिजली असेल, तर हवा भरतांना ती तोफेच्या गोळ्यासारखी उडते. यांत माणसें दगावलीं आहेत. तेव्हां पुढील नियम मोडूं नयेत.

लॉक रिंगचें चाक उतरविण्यापूर्वीं वॉल्व्हमधील सुई काढून हवा पूर्ण जाऊं द्यावी, व मगच नटांस हात लावावा. कडी व तिची खांच यांतील गंज स्वच्छ घांसावा. कडी वांकलेली, चिरलेली किंवा झिजलेली असेल तर ती हातोडीनें सरळ करून वापरूं नये, नवी आणावी. हवा भरतांना चाक लोखंडी पिंजऱ्यांत ठेवावें. पिंजरा नसल्यास जाड सांखळीनें आवळावें, नळी लांब ठेवावी, आणि समोर उभें न राहतां टायरच्या चालीच्या बाजूस उभें राहावें. ज्यास या कामाची संवय नाहीं, त्यानें टायर काढण्याचें व बसविण्याचें काम टायरवाल्याकडूनच करवावें.

दुसरा नियम याहूनही महत्त्वाचा आहे. टायर चढविलेला असतांना रिमला वेल्डिंग करूं नये, किंवा गंजलेला नट सुटावा म्हणून रिम ज्योतीनें तापवूं नये. हवा काढून टाकली तरीही नाहीं. रबर आंतून तापलें कीं त्यांतून जळाऊ वायु निघतो, तो टायरमध्यें कोंडतो आणि स्फोट होतो. गंजलेल्या नटास आदल्या रात्रीं पातळ तेल सोडावें व सकाळीं लांब दांड्याच्या पान्यानें सोडवावा. जॅक लावतांना जमीन कठीण असावी, उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनीं उटी लावावी, आणि आंसाखालीं लांकडाचा भक्कम ठोकळा द्यावा. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवूं नये.

घांसणी व तपासणी

चाक उतरल्यावर प्रथम साबणसोड्याच्या पाण्यानें धुवावें. पुष्कळ लोक डिझेलच्या बोळ्यानें चाक पुसून तें चकचकीत झालें म्हणून समाधान मानतात. डिझेलच्या थरावर धूळ चिकटते, त्यानें रबर खराब होतें, आणि वर दिलेला रंग पापुद्रा सुटून पडतो.

धुतल्यावर सैल गंज व सुटलेला रंग खरवडणीनें काढावा, नंतर तारेच्या ब्रशानें घांसावा, व शेवटीं ८० नंबरचा आणि त्यानंतर १२० नंबरचा कागद फिरवावा. जो जुना रंग घट्ट चिकटलेला आहे तो सगळा काढण्याची गरज नाहीं. त्याची चकाकी जाईल इतका तो घांसावा, म्हणजे नवा रंग त्यास धरतो. मात्र बोल्टांच्या भोंकांभोंवतीं, तबकडी व रिम यांच्या जोडावर आणि वॉल्व्हच्या भोंकाजवळ लोखंड पुरतें उघडें करावें. चिरा पडतात त्या याच तीन ठिकाणीं. यंत्राच्या चक्रीनें घांसावयाचें असल्यास डोळ्यांस चष्मा हवाच. वाळूचा मारा करून चाकें साफ करून देणारे कारखाने असतात. काम चांगलें होतें, पण साध्या वाळूची धूळ फुप्फुसांत जाऊन असाध्य रोग जडतो, म्हणून घरीं कंप्रेसर लावून हा प्रयोग करूं नये.

लोखंड उघडें झालें कीं चीर शोधण्याची एक सोपी जुनी युक्ति करावी. तपासावयाच्या भागास डिझेल लावून पंधरा-वीस मिनिटें थांबावें. नंतर तें फडक्यानें कोरडें पुसून, त्यावर खडूची बारीक पूड पातळ भुरभुरावी, आणि चाकावर लांकडी हातोडीनें हलके ठोके द्यावे. चीर असेल तर तींत शिरलेलें डिझेल वर येऊन पांढऱ्या पुडीवर काळसर रेघ उमटते. डोळ्यांस न दिसणारी केंसाएवढी चीरही अशी सांपडते. तपासणीनंतर तो भाग पुन्हां साबणसोड्यानें धुवावा.

पुढील दोषांपैकीं एकही आढळला तर तें चाक रंगवूं नये, बदलावें: कोणत्याही ठिकाणची चीर, बोल्टाचें गोल भोंक लांबट झालेलें असणें, टायरला धरून ठेवणारी कड गंजून पातळ झालेली असणें, फिरवून पाहतां चाक डोलणें. चिरलेल्या चाकास वेल्डिंग करून तें पुन्हां लावण्याचा मोह होतो. परंतु वेल्डिंगच्या शेजारचें लोखंड तापून त्याचा गुण बदलतो, आणि भार पडला कीं तें बहुधा तेथेंच पुन्हां फुटतें. लांबी ही घराच्या दारास शोभते. चाकाच्या बोल्टांजवळ तिला जागा नाहीं. गंजाचा उथळ खड्डा दिसत राहिला तर राहूं द्यावा. त्यानें चाकाचें कांहीं अडत नाहीं.

अस्तर व रंग

घांसलेलें लोखंड उघडें ठेवूं नये. त्याच दिवशीं अस्तर द्यावें. रात्रभर राहिलें तर दंवानें त्यावर पुन्हां तांबूस झांक येते. रेड ऑक्साइड झिंक क्रोमेट नांवाचें अस्तर बाजारांत मिळतें. परंतु त्यांतील क्रोमेट विषारी असल्यामुळें झिंक फॉस्फेटचें अस्तर मिळेल तर तें घेणें अधिक बरें. एक लिटर अस्तर साधारणपणें ८ ते १० चौरस मीटर जागेस एक हात पुरतें. ट्रॅक्टरच्या मागील एका चाकाच्या दोन्ही बाजू मिळून दीड ते दोन चौरस मीटर भरतात. यावरून किती माल लागेल याचा हिशेब प्रत्येकानें करावा.

अस्तराचे दोन पातळ हात द्यावे. एक जाड हात दोन पातळ हातांची बरोबरी करीत नाहीं. तो वरून सुकतो व आंत मऊ राहतो. पहिला हात रात्रभर वाळूं द्यावा, २२० नंबरच्या कागदानें हलकेंच घांसून धूळ पुसावी, मग दुसरा द्यावा. त्यावर इनॅमलचे दोन हात पुरेत. ब्रशानें दिलेला रंग फवाऱ्याच्या रंगाइतका गुळगुळीत दिसत नाहीं, परंतु तो खांचाखोंचांत चांगला शिरतो व हवेंत उडून वायां जात नाहीं. शेतीच्या चाकास ब्रशच बरा. साध्या इनॅमलवर एन. सी. जातीचा, म्हणजे तिखट वासाच्या थिनरमध्यें पातळ करावयाचा रंग दिला, तर खालचा रंग सुरकुत्या पडून उचलतो. म्हणून अस्तर, रंग व थिनर हे एकाच जातीचे घ्यावे. दोन डब्यांतील द्रव्यें मिसळून फवारावयाचे मोटारींचे कांहीं रंग टिकाऊ असतात, पण त्यांच्या वाफांनीं दम्याचा विकार जडतो. ते योग्य साधनें असलेल्या कारखान्यांतच द्यावे.

काम सकाळीं ८ ते ११ या वेळांत, सावलींत करावें. पहांटे लोखंडावर दंव असतें, आणि वैशाखांत आपल्याकडे हवाच ४५ अंशांच्या पुढें जाते. उन्हांत ठेवलेलें लोखंड त्याहून किती तरी अधिक तापतें. अशा लोखंडावर रंग पसरण्यापूर्वींच सुकतो व त्यास फोड येतात. पावसाळ्यांत तर हें काम काढूंच नये. फाल्गुन-चैत्र हे महिने याकरितां सर्वांत चांगले. रंग हातास कोरडा लागला तरी तो पुरता कठीण होण्यास आठवडा लागतो. तोंवर चाक चिखलांत घालूं नये.

रंग कोठें देऊं नये, हें कोठें द्यावा याइतकेंच महत्त्वाचें आहे. चाकाची तबकडी ज्या भागावर टेकते ती बाजू, आणि नट जेथें बसतात त्या उतरत्या कडा, या दोन्ही जागा रंगाशिवाय ठेवाव्या. तेथें पातळ अस्तराहून अधिक कांहीं नसावें. या जागीं रंगाचे चार थर बसले, तर नट आवळतांना ते घट्ट वाटतात. पण चाक फिरूं लागलें कीं रंग दबतो, झिजतो, व तेवढी फट पडून नट ढिले होतात. नव्यानें रंगविलेलीं चाकें निखळण्याचें हें एक ठळक कारण आहे. बोल्टांच्या आंट्यांवर व ब्रेकच्या भागांवरही रंग जाऊं देऊं नये.

रंग कोणता द्यावा, याबद्दल आमचें मत असें कीं बाहेरच्या बाजूस ज्यास जो आवडेल तो द्यावा. परंतु नटांभोंवतालचा भाग व आंतील बाजू पांढरी किंवा फिकी पिवळी ठेवावी. फिक्या रंगावर गंजाची रेघ लगेच दिसते, आणि नटाखालून ओघळलेली तांबूस रेघ म्हणजे नट हलत असल्याची अथवा चीर पडल्याची पहिली सूचना होय. आमच्या ट्रॉलीचें चाक पिवळें होतें म्हणूनच ती रेघ दिसली. काळें असतें तर दिसली नसती.

चाक परत चढवितांना नट एका ओळीनें न आवळतां समोरासमोरचे आवळावे. चाक जॅकवर असतांना ते हलके आवळून, जमिनीवर टेकल्यावर पुरते आवळावे. ट्रॅक्टर कांहीं तास चालल्यावर, आणि ट्रॉली किंवा मोटार ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर, ते पुन्हां एकदां तपासावे. हें शेवटचें काम बहुतेक जण विसरतात.

मोटारींचीं ॲल्युमिनियमचीं चाकें

आतां पुष्कळ सभासदांच्या दारांत मोटार आहे, व तिचीं चाकें कधीं कधीं ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचीं असतात. त्यांस तांबडा गंज चढत नाहीं; पण वरील पारदर्शक थर दगडांनीं फुटला कीं खालीं पांढरी भुकटी धरते व थर पापुद्र्यांनीं सुटूं लागतो. हीं चाकें कॉस्टिक सोड्यानें धुऊं नयेत. तो ॲल्युमिनियमला विरघळवितो. तारेचा ब्रशही वापरूं नये. पाणी लावून बारीक कागदानें घांसावें, ॲल्युमिनियमकरितां असलेलें खास अस्तर द्यावें, मग रंग व शेवटीं पारदर्शक थर द्यावा.

शहरांत पावडर कोटिंग करून मिळतें. त्यांत रंगाची पूड चाकावर बसवून तें सुमारे १८० ते २०० अंशांच्या भट्टींत भाजतात. हा थर चिवट असतो. परंतु हीं चाकें मुळांत ठराविक उष्णतेचे संस्कार देऊन कठीण केलेलीं असतात. भट्टी अधिक तापली, किंवा जुना रंग ज्योतीनें जाळून काढला, तर चाक बाहेरून सुंदर व आंतून दुबळें होतें. म्हणून भट्टीचें तापमान मोजून ठेवणाऱ्या कारखान्यांतच काम द्यावें. वांकलेलें किंवा चिरलेलें चाक ठोकून अथवा जोडून घेऊं नये. रंगकामानंतर चाकाचा तोल पुन्हां साधून घ्यावा.

वर्षाचा क्रम

तात्पर्य, फाल्गुन-चैत्रांत चाकें उतरवून घांसावीं, तपासावीं व रंगवावीं. खत वाहिल्यावर व चिखलणी संपल्यावर धुवावीं. रंग जेथें उडाला असेल तेथें पावसाळा संपतांच अस्तराचा ठिपका द्यावा. पंक्चर काढण्याकरितां टायर उतरेल तेव्हां रिमची आंतील बाजू घांसून तिलाही अस्तर द्यावें. दरवर्षीं सगळीं चाकें करणें शक्य नसेल, तर एका वर्षीं ट्रॅक्टरचीं व दुसऱ्या वर्षीं ट्रॉलीचीं करावीं. कोणत्या चाकाचें काम केव्हां केलें, तें घरच्या वहींत टिपून ठेवावें.

आणि रंगाऱ्याकडूनच काम करवून घ्यावयाचें असेल, तर चाक घांसून झाल्यावर अस्तर लावण्यापूर्वीं आपण स्वतः जाऊन तें पाहूं, असें त्यास आधींच बजावावें. तो अर्धा तास आम्हीं चार वर्षांपूर्वीं वांचविला होता. आतां रोवणीच्या दिवसांत ट्रॉली दारांतून निघण्यापूर्वीं आम्ही प्रत्येक चाकाच्या नटांवरून एकदां हात फिरवितों, आणि पांढऱ्या रंगावर कोठें तांबूस रेघ दिसते काय तें पाहतों. यास पांच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाहीं.